शनिवारी थांबणारा घाणा

पूर्वी तेल्यांच्या काही पोटजाती वारावरून ओळखल्या जात. शंकराचा वार म्हणून सोमवारी बैलाला विसावा देणारे सोमवार तेली, शुक्रवारी घाणा बंद ठेवणारे शुक्रवार तेली. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, किनाऱ्याजवळच्या गावांमध्ये आणखी एक गट होता. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांच्या घाण्याची लाट थांबायची, बैलाच्या डोळ्यांवरची झापडं निघायची, आणि शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत उखळातला तीळ तसाच पडून राहायचा. त्या दिवशी त्यांच्या घरात चूलही पेटत नसे. गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली.

हे शनिवार तेली ज्यू होते. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, म्हणजे कामाला हात न लावायचा पवित्र वार. पण गावाला ज्यू हा शब्दच माहीत नव्हता, आणि गावाने त्यांना तुमचा देव कोणता, ग्रंथ कोणता असं कधी खोदून विचारल्याची आठवण परंपरेत नाही. वाराची पाळणूक दिसली, धंदा दिसला. तेवढ्यावर गावाने त्यांना जागा करून दिली.

हिंदूंच्या सहिष्णुतेबद्दल बोलताना या समाजाचा, म्हणजे बेने इस्राएलांचा, दाखला हमखास दिला जातो. जगभर ज्यूंचा छळ झाला, आपल्याकडे झाला नाही, असं एका वाक्यात सांगून लोक पुढे जातात. ते वाक्य खरं आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे. पण त्या वाक्यात कोकण कुठेच दिसत नाही. ही माणसं शेकडो वर्षं कोणाच्या शेजारी, कशी राहिली? शेजाऱ्याने त्यांना काय दिलं आणि काय दिलं नाही? हे प्रकरण नीट उलगडलं तर आपल्या सहिष्णुतेचा पोत हाताला लागतो, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे.

नवगावचा किनारा

समाजाची स्वतःची कथा अशी. खांदेरी-उंदेरीच्या परिसरात एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचून नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. नवगाव म्हणजे अलिबागहून उत्तरेला, थळ आणि किहीमच्या मधलं गाव. बुडालेल्यांची प्रेतं वाहून आली, ती तिथेच पुरली, बायकांची एका उंचवट्याखाली आणि पुरुषांची दुसऱ्या. ती जागा आजही जुनी दफनभूमी म्हणून दाखवतात, तिथे स्मारक आहे. सोबतची पुस्तकं समुद्राने नेली. उरली एक प्रार्थना, ‘शमा इस्राएल’, म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’. जन्म असो, सुंता असो, लग्न असो की मरण, प्रत्येक प्रसंगी तीच म्हटली जायची.

हे केव्हा घडलं यावर एकमत नाही. समाजाची परंपरा दोन हजार वर्षं मागे जाते, अभ्यासक बरंच अलीकडे येतात. या समाजाची स्पष्ट लेखी नोंद सापडते ती १७३८ सालची, एका मिशनऱ्याच्या पत्रातली. चित्पावनांच्या कथेतही समुद्राने किनाऱ्याला लावलेली चौदा प्रेतं आहेत, हे कोकणी वाचकाला इथे आठवल्याशिवाय राहणार नाही. समुद्रातून आलेल्या माणसाला आपल्या गोष्टीत बसवून घ्यायची या किनाऱ्याला सवयच होती.

आलेली माणसं पांगली. ज्या गावात राहिली त्या गावाचं नाव घेतलं आणि पुढे ‘कर’ लावलं. किहीमकर, नवगावकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, राजपूरकर, झिराडकर, अष्टमकर. अशी शंभराहून अधिक आडनावं आहेत. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. बायका नऊवारी नेसू लागल्या, गळ्यात मंगळसूत्र आलं. घरात बोलायची भाषा मराठी. आजही इस्राएलमधल्या त्यांच्या जुन्या मंडळींचं मराठी ऐकलं तर त्यात अलिबाग-पेणचा हेल सापडतो.

बिरड्याचा सण, दारफाळणीचा सण

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जवळची वाटतात ती त्यांच्या सणांची नावं. हायेम शमुवेल किहीमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला, तो पुढे १९३७ साली छापून आला. त्यात ही नावं येतात. हिब्रू नावं विसरली गेली होती, सण विसरले नव्हते. मग त्यांना घरातली, परसातली नावं मिळाली.

वर्षारंभाचा तो नव्याचा सण. त्यानंतर थोड्याच दिवसांनी खिरीचा सण, नव्या धान्याची नारळाच्या रसातली खीर करून. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या शोकाच्या दिवसाचं नाव बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी जेवणात वालाचं बिरडं. अलिबागकडच्या माणसाला वाल काय हे सांगायला नको. रात्रभर भिजवायचा, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग एकेक दाणा बोटांत धरून साल सोलायची. हजारो मैलांवरच्या एका पडलेल्या मंदिराचं दुःख आमच्याकडच्या वालाच्या सालीबरोबर जपलं गेलं. वल्हांडणाच्या (पासोव्हरच्या) सणात खमीर, म्हणजे आंबवलेलं पीठ, वर्ज्य असतं, हे कारण पुसलं गेलं होतं. पण आंबवणीचं भांडं आठ दिवस झाकून ठेवायची रीत उरली, म्हणून तो अनशी ढाकायचा सण. पुरीम हा ज्यूंचा सण होळीच्या सुमारास येतो, तो झाला होळीचा सण. आणि वर्षारंभाआधीच्या महिन्यातल्या उपासांना नाव मिळालं रमजान. एका छोट्या समाजाच्या पंचांगात हिंदू शेजारी आणि मुसलमान शेजारी दोघेही आपापल्या शब्दांसकट येऊन बसले.

यातला दारफाळणीचा सण या प्रकरणाची किल्ली आहे असं मला वाटतं. हा योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपास. आदल्या दिवशी आंघोळ करून, पांढरे कपडे घालून माणसं घरात जात आणि दार लावून घेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाहेर पडायचं नाही, परक्याला शिवायचं नाही, त्याच्याशी बोलायचंही नाही. आता युरोपातल्या एखाद्या गावात शेजाऱ्यांनी वर्षातून एक दिवस दारं लावून घेतली, कोणाला शिवू दिलं नाही, तर आत काय चाललंय याच्या अफवा उठल्या असत्या. तशा अफवांवरून तिथे माणसं मारली गेली आहेत. कोकणातल्या गावाला मात्र त्यात नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं. सोवळं म्हणजे काय, शिवाशीव म्हणजे काय, अमक्या दिवशी अमक्याच्या दारात जायचं नाही म्हणजे काय, हे गावाच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. ‘त्यांचं आज सोवळं आहे’ एवढं म्हटलं की विषय संपला.

म्हणजे ज्या गोष्टीमुळे आपण एकमेकांपासून लांब राहत होतो, तिनेच त्या परक्या माणसाला संरक्षण दिलं. वेगळं राहणं हा इथे संशयाचा विषय नव्हता. प्रत्येकजण वेगळाच राहत होता.

तेली म्हटलं, त्याचा अर्थ

नाव देताना गावाने दोन गोष्टी एकदम केल्या. ‘शनिवार’ म्हणून त्यांचा धर्म मान्य केला आणि ‘तेली’ म्हणून त्यांची पायरी ठरवली. तेल काढणं हा आवश्यक धंदा, पण मानाचा नव्हे. सकाळी तेली समोर आला की अपशकुन मानणारा आपला समाज. शनिवार तेल्याकडचं खोबरेल चालायचं, उंडीचं तेल दिव्याला चालायचं, पंगतीला तो चालत नसे. रोटी नाही, बेटी नाही. अर्थात त्यांच्या बाजूनेही ती नव्हती, कारण त्यांचेही नियम होते. त्यामुळे हा अन्याय आहे असं कोणाला वाटलं नसावं. दोघांच्या कुंपणाची रेघ एकाच जागी पडली होती.

पण जातीच्या गावात राहून जात अंगाला लागत नाही असं होत नाही. या समाजातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन थर पडले. गोरे म्हणजे दोन्हीकडून ज्यू रक्ताचे, काळे म्हणजे इथल्या बायकांशी झालेल्या संबंधांतून आलेले, असा समज. त्यांच्यात लग्नं होत नसत, एका ताटात जेवण होत नसे. विधवेचा पुनर्विवाह त्यांच्या धर्मशास्त्राला मान्य, तरी शेजाऱ्यांचं बघून तो टाळला गेला. गोमांस त्यांना निषिद्ध नाही, तरी अनेक घरांत ते शिजलं नाही आणि पुढे ते आपल्या धर्मातच वर्ज्य आहे असं मानलं गेलं. शेजारधर्म म्हणून गोमांस टाळलं असेल तर त्यात गोडवा आहे. विधवेच्या बाबतीत मात्र आपण त्यांना आपलं दुखणं दिलं, हे मान्य करायला हवं.

श्रेयाच्या वाटणीतही थोडा प्रामाणिकपणा हवा. यातली बरीच गावं जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखात होती. झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या घराण्यांकडे समाजाचं काजीपद होतं, लग्नं लावणं, तंटे सोडवणं हे त्यांचं काम. ‘काजी’ हा शब्द कुठून आला हे उघड आहे, तो मुसलमान शेजाऱ्यांचा. अलिबागकडे आंग्र्यांचं राज्य, त्यांच्या आरमारातही बेने इस्राएल होते. तेव्हा हे सौजन्य एकट्या हिंदूंचं असं म्हणता येणार नाही, ते या किनाऱ्याचं होतं. त्यात बहुसंख्य हिंदू होते आणि त्यांनी मोडता घातला नाही, हे त्यांचं श्रेय.

ते किती मोठं आहे हे कळायला फार लांब जावं लागत नाही. अलिबागच्या दक्षिणेला रेवदंड्याचा कोट १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं, ते कायमचं बंद झालं १८१२ साली. गार्सिया द ओर्ता हा मोठा वैद्य गोव्यात राहिला, इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. तो धर्मांतरित ज्यू घराण्यातला. १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, लपून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून, जिवंत जाळलं. १५८० साली त्याची हाडं उकरून काढून जाळली. त्याच अरबी समुद्राच्या काठावर, थोडं उत्तरेला, एक ज्यू माणूस दर शनिवारी उघडपणे घाणा बंद ठेवत होता आणि त्याला कोणी हटकत नव्हतं.

मासळीची परीक्षा आणि ‘जुनी मशीद’

या समाजाला आपण ज्यू आहोत हे सांगणारा माणूस बाहेरून आला. त्याचं नाव दावीद रहाबी. परंपरा त्याला फार जुना मानते, पुष्कळ अभ्यासक त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्यात शोधतात. त्याने शनिवारची पाळणूक पाहिली, सुंता पाहिली, आणि खात्री करायला बायकांपुढे सगळ्या प्रकारची मासळी ठेवून ती रांधायला सांगितलं. बायकांनी खवलं आणि पर असलेली मासळी वेगळी काढली, बाकीची आम्ही खात नाही म्हणाल्या. तोराहमध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, लिहिलेला नियम पुस्तक नसलेल्या बायकांच्या हातात शाबूत होता. ही कथा अक्षरशः घडली की नाही हा प्रश्न वेगळा. कोळंबी आणि चिंबोरीच्या या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या त्या न खाता राहू दिलं गेलं, आणि ‘खाऊन तर बघा’ असा आग्रह सक्तीपर्यंत गेला नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

पुढे मुंबई वाढली आणि शनिवार तेली फौजेत, कारकुनीत, सुतारकामात शिरले. सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजांच्या पलटणीतला अधिकारी. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला. सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असा त्याने नवस केला, अशी आख्यायिका आहे. १७९६ साली त्याने मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं. नवस बोलणं आणि तो फेडणं हे त्याला कोणी परकं म्हणून शिकवावं लागलं नसणार. या सिनेगॉगला लोक ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. पुण्यात १८६७ साली लष्कर भागात उभं राहिलेलं लाल विटांचं सिनेगॉग बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या, ज्यूंचं, त्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात. एकाच धर्माचं प्रार्थनाघर मुंबईत मशीद झालं आणि पुण्यात देऊळ. लोकांनी नाव शोधलं नाही, जवळ होतं ते दिलं. यात आपुलकी आहे, आणि आत काय आहे ते जाणून घ्यायची फारशी निकड नव्हती हेही आहे.

ती निकड बेने इस्राएलांनी दाखवली. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर वगैरे मंडळींनी कीर्तन सुरू केलं, आख्यान अब्राहामाचं आणि मोशेचं, चाली साकी, दिंडी, ओवी, आर्येच्या. हरिदासाकडून ते रीतसर उचललेलं होतं. मलिद्याचंही तसंच. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा, वर पाच फळं आणि सुवासिक पाल्याची डहाळी. ताट मध्ये ठेवून एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला हाक घालायची, मग तो प्रसादासारखा वाटायचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. तिथे आजही इस्राएलहून आलेली मंडळी नवस फेडायला जातात. आमच्याकडे देवाच्या घोड्याची टाप खडकावर उमटलेली असणं ही गोष्ट अगदी घरची आहे.

गेले, पण घालवलेले नाहीत

१९४८ साली इस्राएल झालं तेव्हा भारतात बेने इस्राएल वीसेक हजार होते. बहुतेक हळूहळू गेले. आज काही हजार उरले आहेत. त्यांना कोणी घालवलं नाही, हे तेही आवर्जून सांगतात. तिकडे गेल्यावर मात्र १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने यांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करावी असा फतवा काढला. हे खरे ज्यू आहेत का, असा प्रश्न. ज्या शनिवारासाठी गावाने त्यांना नाव दिलं होतं तो शनिवार तिथे पुरेसा पुरावा ठरला नाही. जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं, तेव्हा १९६४ साली सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. गावाने कधी न विचारलेला प्रश्न आपल्याच माणसांनी विचारला, याची जखम त्या पिढीला खोल झाली. तरीही त्यांनी तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला तो २०१६ साली.

अलिबागला इस्राएल आळी आहे. तिथलं मागेन अबोथ सिनेगॉग १८४८ चं, आजची इमारत १९१० ची. प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि इतक्या थोड्या घरांत दहाचा आकडा भरणं सोपं नाही. त्या आळीतून जाताना माझं मन दरवेळी दोन बाजूंना ओढलं जातं.

एक बाजू कृतज्ञतेची. माझ्या माणसांनी इथे कोणाच्या देवाला हात लावला नाही. दुसरी बाजू म्हणते की या परीक्षेचा पेपर सोपा होता. हा समाज लहान होता. त्याने कोणाला आपल्या धर्मात ओढलं नाही, कधी राज्य केलं नाही, जमीन बळकावली नाही. दिलेल्या पायरीवर तो निमूट बसला. अशा शेजाऱ्याला सांभाळून घेणं आणि संख्येने मोठ्या, हक्क मागणाऱ्या, आपल्याशी इतिहासाचं भांडण असलेल्या शेजाऱ्याला सांभाळून घेणं यांत फरक आहे. ज्यूंचं उदाहरण देऊन मुसलमान किंवा ख्रिस्ती शेजाऱ्याबद्दलचं उत्तर टाळता येत नाही. ते उत्तर वेगळं द्यावं लागतं, आणि रोज द्यावं लागतं.

आणि एक उत्तर तर आपल्याच माणसांना द्यायचं राहिलं होतं. महाडही त्याच कुलाबा जिल्ह्यातलं. तिथलं चवदार तळं नगरपालिकेचं, १९२४ साली पालिकेने ते सर्वांना खुलं असल्याचा ठरावही केला होता. मुसलमान तिथे पाणी भरत होते, त्यांना अडवलं जात नव्हतं. अडवलं जात होतं ते अस्पृश्यांना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांना घेऊन तळ्यावर उतरले, ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली आणि तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या घागरी ओतून ते शुद्ध करून घेण्यात आलं. दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपल्या वाराप्रमाणे जगू देणाऱ्या जिल्ह्यात हे घडलं. मला यात विसंगती दिसत नाही. ज्या मांडणीत शनिवार तेल्याला जागा होती, तिच्यातच महारालाही ‘जागा’ होती, आणि दोघांनी ती सोडायची नव्हती. शनिवार तेल्याची जागा सुसह्य होती, एवढाच भेद.

प्रकरण कोर्टात गेलं. स्पृश्यांनी केलेला दावा खालपासून वरपर्यंत लढला गेला आणि अखेर मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. तळ्याच्या पाण्यावरचा हक्क मान्य व्हायला दहा वर्षं लागली होती. त्याच १९३७ साली मुंबईचे महापौर झाले डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर, बेने इस्राएल, त्याच कुलाब्याच्या शनिवार तेल्यांचे वंशज. महालक्ष्मीकडून वरळीला जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, डॉ. ई. मोझेस मार्ग.